‘तीन दिवसांत’ म्हणजे नेमके केव्हा?

वाचकहो, बंगळूर आणि घड्याळ यांचे नाते आपणांस ठाऊक असेलच. एच. एम. टी. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली याच शहरात मनगटी घड्याळे तयार करण्यास आरंभ केला. पुढे कित्येक वर्षे, परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या किंवा नव्या जावयाच्या मनगटावर ते घड्याळ बांधणे ही घरोघरची हौस होती. २०१६ साली तो घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. घड्याळाचे काटे सर्वांना सारखीच वेळ दाखवितात; परंतु तीच वेळ शब्दांत सांगावयाची झाली, की प्रत्येक भाषा आपापल्या वाटेने जाते. त्या वाटा ठाऊक नसल्या म्हणजे काय होते, हे आमच्या शेजारी नुकतेच पाहावयास मिळाले.

साताऱ्याकडून येथे नव्याने आलेल्या एका कुटुंबातील मुलास आठवडाभर ताप येत होता. सोमवारी त्याचे रक्त तपासणीस दिले. खिडकीवरच्या तरुणाने नम्रपणे सांगितले, “रिपोर्ट विल बी रेडी इन थ्री डेज.” वहिनींनी मनातल्या मनात त्याचे मराठी केले: तीन दिवसांत मिळेल. म्हणजे उद्या मिळेल, फार तर परवा. त्या हिशेबाने त्यांनी डॉक्टरांची बुधवार सायंकाळची वेळ घेतली. मंगळवारी हेलपाटा झाला, बुधवारी झाला. अहवाल हाती आला तो गुरुवारी. डॉक्टरांची पुढची वेळ शनिवारची मिळाली. मधल्या दोन रात्री त्या माउलीने कशा काढल्या असतील, हे सांगावयास नकोच. सुदैवाने अहवालात चिंतेचे काही निघाले नाही. तो तरुण मात्र चुकला नव्हता, आणि वहिनींनीही ऐकले ते बरोबरच ऐकले होते.

चूक ‘इन’ या दोन अक्षरी शब्दाच्या अर्थात होती. पुढे घडावयाच्या गोष्टीविषयी इंग्रज माणूस ‘इन थ्री डेज’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात तीन दिवस उलटल्यानंतरचा क्षण असतो. तीन दिवसांच्या आत, केव्हाही, असे म्हणावयाचे असल्यास तो ‘विदिन’ हा शब्द योजतो. मात्र ‘त्याने ते पुस्तक तीन दिवसांत लिहिले’ अशा वाक्यात तोच ‘इन’ कामास लागलेला काळ दाखवितो, आणि तेथे आपला ‘तीन दिवसांत’ चपखल बसतो. या एका सारखेपणामुळेच आपण दुसरीकडे फसतो.

एक ‘पर्यंत’, दोन अर्थ

भाषांतराचे काम करणाऱ्यास असे खड्डे रोज भेटतात. आपला ‘पर्यंत’ घ्या. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्यावा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ग्रंथालय बंद राहील’ या दोन्ही वाक्यांत आपण एकाच शब्दावर भागवितो. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘बाय’ येतो. कारण अर्ज एकदाच द्यावयाचा आहे व शुक्रवार ही त्याची शेवटची मर्यादा आहे. दुसऱ्या ठिकाणी ‘अंटिल’ येतो. कारण बंद राहणे ही त्या दिवसापर्यंत अखंड चालणारी स्थिती आहे. एकदाच घडणारी गोष्ट आणि चालू राहणारी स्थिती, एवढा भेद ध्यानी ठेवला म्हणजे बहुधा घोटाळा होत नाही.

असाच दुसरा शब्द ‘पासून’. ‘मी पाच वर्षांपासून येथे राहतो’ हे मराठी शुद्ध आहे. त्याचेच शब्दशः इंग्रजी होते, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’. हे वाक्य आपण बंगळुरात दिवसातून चार वेळा ऐकाल. इंग्रज मात्र काळाची लांबी सांगताना ‘फॉर’ वापरतो व आरंभबिंदू सांगताना ‘सिन्स’. पाच वर्षे ही लांबी, म्हणून ‘फॉर फाइव्ह इयर्स’. २०२० हा आरंभबिंदू, म्हणून ‘सिन्स २०२०’. शिवाय ‘आय ॲम लिव्हिंग’ न म्हणता तो ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ म्हणतो. दक्षिणेकडील राज्यांतील शिक्षकांना इंग्रजी अध्यापनाचे प्रशिक्षण देणारी प्रादेशिक संस्था १९६३ साली याच शहरात स्थापन झाली, तरी ही चूक येथे मुरलेलीच आहे. कारण उघड आहे. कन्नड माणूसही ‘ऐदु वर्षदिंद’ म्हणजे ‘पाच वर्षांपासून’ असेच म्हणतो. बोलणारा मराठी, ऐकणारा कन्नड. दोघांच्याही कानास काही खटकत नाही!

एक शहर, तीन भाषा

येथे मराठी भाषा नवखी नव्हे. १६३८ साली बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १८०९ साली इंग्रजांनी छावणी वसविली व तिच्याबरोबर इंग्रजी आली. त्यामुळे एकाच वेळेची तीन नावे या शहरात सुखाने नांदतात. सकाळचे नऊ वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली, की आपण ‘पावणेदहा’ म्हणतो. दहा भरण्यास पाव उणा, असा आपला हिशेब. इंग्रजांचा ‘क्वार्टर टु टेन’ त्याच चालीचा. कन्नड शेजारी मात्र ‘ओंबत्तु मुक्कालु’ म्हणजे ‘नऊ आणि पाऊण’ म्हणेल. आपली नजर येणाऱ्या दहावर, त्याची उलटून गेलेल्या नऊवर!

ब्रिटनमधील माणूस बोलण्याच्या ओघात ‘हाफ सेव्हन’ म्हणाला, तर साडेसात समजावे. जर्मन भाषेत ‘अर्धा सात’ म्हणजे साडेसहा. आपल्या ‘साडेसात’च्या सवयीमुळे मराठी माणूस येथे सहसा फसत नाही.

दिवसांच्या बाबतीतही काही खुणा ध्यानी ठेवाव्यात. ‘टुडे मॉर्निंग’, ‘यस्टरडे नाइट’ हे आपले शब्दशः भाषांतर. इंग्रज ‘धिस मॉर्निंग’, ‘लास्ट नाइट’ असे म्हणतो. सभा ठरल्या वेळेच्या अगोदर घेणे यासाठी आपण योजलेला ‘प्रीपोन’ हा शब्द ऑक्सफर्ड शब्दकोशात आहे. तथापि परदेशी माणसास तो अपरिचित वाटण्याचा संभव असतो. ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे येता शुक्रवार की त्यानंतरचा, याविषयी तर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकमत नाही.

यावरून इंग्रजांस हसण्याचे मात्र कारण नाही. आपला ‘परवा’ गेलेलाही असतो आणि येणाराही असतो. तो कोणता, हे क्रियापद आल्यावाचून कळत नाही. कन्नडमध्ये गेलेल्या परवास ‘मोन्ने’ व येणाऱ्या परवास ‘नाडिद्दु’ असे दोन निराळे शब्द आहेत. प्रत्येक भाषेने कोठे काटकसर केली आहे, तर कोठे सढळ हाताने खर्च केला आहे.

मग उपाय काय? एक, कालवाचक शब्द सुटे पाठ न करता सबंध वाक्यासह शिकावेत, व मुलांसही तसेच शिकवावेत. दुसरा उपाय त्याहून सोपा आहे. रुग्णालय, कचेरी, शाळा, बँक अशा ठिकाणी कोणी वेळ सांगितली, तर ती वार, तारीख व तास यांसह पुन्हा उच्चारून खात्री करून घ्यावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

वहिनी आता तसेच करतात. परवा, म्हणजे गेलेल्या परवा, मुलाला घेऊन त्या पुन्हा त्याच खिडकीशी उभ्या होत्या. तरुणाने ‘इन टू डेज’ म्हणताच त्यांनी शांतपणे विचारले, “गुरुवारी, बारा तारखेला? सकाळी की संध्याकाळी?” त्याने कागदावर ‘गुरुवार, १२, सायंकाळी ५ नंतर’ असे लिहून दिले. डॉक्टरांची वेळ त्यांनी शुक्रवारची घेतली.