होडी कोणाची?

१९ जून २००८ रोजी नायजेरियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर दूर असलेल्या 'बोंगा' तेलक्षेत्रावर सशस्त्र बंडखोर वेगवान होड्यांतून चालून गेले आणि तेथील उत्पादन बंद पडले. खोल समुद्र हाच तेलक्षेत्राचा तट, हा भ्रम त्या दिवशी फिटला.

समुद्रातील तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षाक्षेत्र आखण्याची मुभा आंतरराष्ट्रीय कायदा देतो. ताशी ५५ किलोमीटर वेगाने येणारी होडी एवढे अंतर अर्ध्या मिनिटात तोडते. तेवढ्या अवधीत ती चाच्यांची की कोळ्यांची, हे ठरवावयाचे कसे? फ्रान्समधील संशोधकांनी 'सार्गोस' प्रकल्पात यासाठी टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या, १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या सिद्धांताचा आश्रय घेतला. होडीचा वेग, अंतर, दृश्यमानता असे एकेक चिन्ह जमेस धरून धोक्याचा अंदाज सुधारीत जावयाचा आणि त्या मानाने प्रतिकार पायरीपायरीने वाढवावयाचा, हे त्याचे सूत्र.

हे गणित स्वागतार्ह आहे; परंतु त्याचा खरा धडा नम्रतेचा आहे. घटकाभर असे धरू की, दहा हजार होड्यांत शत्रूची एकच असते आणि यंत्र शंभर निरपराध होड्यांपैकी एकीवरच चुकून संशय घेते. तरीही धोक्याची घंटा सुमारे शंभरदा वाजेल आणि त्यांतील बहुतेक सर्व होड्या कोळ्यांच्याच निघतील! १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या. प्राण गेले ते दोन भारतीय मच्छीमारांचे.

उलट, गाफीलपणाही परवडणारा नाही. ३१ जुलै २०११ रोजी खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' जहाज वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूला लागले, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील 'बॉम्बे हाय'चे रक्षण आणि त्याच दर्यावर पोट भरणाऱ्या कोळ्यांचे रक्षण ही दोन निरनिराळी कामे नव्हेत.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. संभाव्यतेचे गणित जरूर वापरावे. पण ते लवकर सावध होण्यासाठी, लवकर गोळी झाडण्यासाठी नव्हे. कोळ्यांच्या होड्यांची ओळख दुरूनच पटेल अशी साधने त्यांना द्यावीत आणि दर्या जाणणाऱ्या या माणसांना पहाऱ्यात सामील करून घ्यावे. यंत्राने शंका मोजावी. बंदुकीच्या चापावरील बोटाचा जाब मात्र माणसालाच द्यावा लागेल.