वाद कार्यकारिणीचा, टांगणीला शाळा

शाळेच्या कमानीवर संस्थेचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले असते. ती संस्था म्हणजे आजघडीला नेमकी कोणती माणसे, हे धर्मादाय कार्यालयातला 'शेड्यूल वन'चा उतारा सांगतो. महाराष्ट्रातल्या खासगी अनुदानित शाळांच्या कार्यकारिणीवरून गेली कित्येक दशके जे दावे-प्रतिदावे चालू आहेत, ते फिरून फिरून या उताऱ्यापाशी येतात. उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याची सही बँकेत चालते, शिक्षणाधिकाऱ्यांकडे चालते, नेमणुकीच्या आदेशावर चालते. नाव चढवण्यासाठी आणि चढलेले उतरवण्यासाठी माणसे आयुष्यातली उमेदीची वर्षे घालवतात ती त्यामुळेच. वकील म्हणून या प्रकरणांशी माझा बराच काळ संबंध आला. या काळात कायदा बदलला, मोठे निकाल आले, मुदती घालून दिल्या गेल्या. पण ज्यांच्यासाठी शाळा उघडली ती मुले, त्यांचे पालक आणि त्यांना शिकवणारे शिक्षक यांना या भांडणात बोलायला जागा मिळाली नाही, आणि हे मला फार सलते.

सुरुवातीला असे नव्हते. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा शिकवणारे आणि संस्था चालवणारे एकच होते. आजीव सभासद वर्ग घ्यायचे आणि कारभारही पाहायचे. सभासदांनी बाहेरची कामे घ्यावीत का, बाहेरच्या कमाईचे काय करायचे, यावरून त्यांच्यात कडाक्याचे मतभेद झाले आणि १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. वाद कडवट होता, पण दोन्ही बाजूंना वर्गात उभे राहणारी माणसे होती आणि भांडण शिक्षकाने कसे जगावे याचे होते.

पुढे १९१४ साली नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज आला, १९१९ साली कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली. लोकांनी धान्य दिले, जमिनी दिल्या, अंगमेहनत केली. स्वातंत्र्यानंतर तालुक्यातालुक्यांत संस्था उभ्या राहिल्या आणि शिकवणारा वेगळा, चालवणारा वेगळा अशी फारकत झाली. पगार सरकारच्या अनुदानातून, नेमणूक मात्र संस्थेच्या हातात. खुर्चीला वजन आले ते इथे. मोक्याची जागा, इमारत, शिक्षक-शिपाई नेमण्याचा अधिकार आणि गावातले स्थान हे सगळे अध्यक्ष-सचिवांच्या सहीला चिकटले. नाशिकच्या 'मविप्र'ची निवडणूक आज जिल्ह्याच्या राजकारणातली मोठी लढत मानली जाते. तिथे निदान मतदान होते, लोक मत मागायला दारोदार फिरतात. आडवळणाच्या लहान संस्थांत निवडणूक अनेकदा फक्त प्रोसिडिंग बुकात होते आणि कज्जे जास्त तिथूनच येतात.

कायद्याची चौकट दुहेरी आहे. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा संस्थेला जन्म देतो. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, ज्याच्या नावात आता मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे, त्याच संस्थेला सार्वजनिक न्यास ठरवतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणतो. पहिल्या कायद्यातले कलम १५ लहान आहे, पण अर्धे वाद त्यातूनच निघतात. सभासद कोण, तर नियमांप्रमाणे ज्याला प्रवेश दिला, ज्याने वर्गणी भरली किंवा सभासदपटावर सही केली, तो. आणि ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली, त्याला मत नाही. निवडणूक जवळ आली की विरोधी गटाच्या सभासदांकडून वर्गणी घेतलीच जात नाही, घेतली तर पावती मिळत नाही, आणि सभेच्या दिवशी थकबाकीदारांची यादी भिंतीवर लागते. दुसरीकडे आपल्या भावकीतल्या लोकांना मागील तारखेने सभासद करून घेतलेले असते. मतदानाच्या दिवशी काय झाले यावर उलटतपासणी होते खरी, पण जय-पराजय त्याआधीच सभासदयादीत ठरून गेलेला असतो.

दुसऱ्या कायद्याचे कलम २२ सांगते की विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत कळवा. या कळवण्याला आमच्याकडे सगळे 'चेंज रिपोर्ट' किंवा फेरफार अर्ज म्हणतात. एखादी फाइल उघडून पाहिली तर आत ठरलेले कागद असतात: अजेंड्याची नोटीस, नोटीस पोचल्याचा पुरावा, सभेचे हजेरीपत्रक, इतिवृत्ताची प्रत, नव्या मंडळाची संमतीपत्रे. नोटीस पोचल्याचा पुरावा म्हणून पूर्वी सर्रास टपालाचा 'यूपीसी'चा शिक्का जोडलेला असे. पत्र टाकल्याचे ते प्रमाणपत्र होते, मिळाल्याचे नव्हे, आणि जुन्या तारखेचा शिक्का सहज मिळतो असा आरोप कायमचा ठरलेला. २०११ साली टपाल खात्याने ती सोयच बंद केली. जुन्या प्रकरणांत मात्र ते चतकोर कागद अजून वाचले जातात.

हजेरीपत्रक हा त्याहून बोलका कागद. एका प्रकरणात मी ते हातात घेतले तेव्हा एकाच पेनाने, एकाच कलत्या वळणाने ओळीने सह्या होत्या आणि त्यांत सभेच्या आदल्या वर्षी वारलेल्या सभासदाचीही सही होती. समोरच्या गटाकडे त्याच दिवसाचे, त्याच वेळेचे, पण दुसऱ्या जागेचे हजेरीपत्रक होते. एक सभा शाळेच्या सभागृहात, दुसरी अध्यक्षांच्या घरी. दोन सभा, दोन मंडळे, दोन चेंज रिपोर्ट, आणि दोघांनीही बनवून घेतलेला संस्थेचा गोल शिक्का.

मग प्रश्न असा की निवडून आलेले मंडळ कामाला लागते कधी? निवडून आल्या दिवशी, की चेंज रिपोर्ट मंजूर झाल्यावर? या शतकाच्या सुरुवातीला चेंबूर ट्रॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जी भूमिका घेतली, तिचा आधार आजही रोज घेतला जातो. बदल घडतो तो निवडणुकीने. नोंद मंजूर होईपर्यंत तो अधांतरी राहत नाही, असे तिचे सार. तर्काला हे पटते. चौकशी रेंगाळली म्हणून निवडून आलेल्यांनी हात बांधून का बसावे? पण प्रामाणिक निवडणुकीला मिळालेले हे संरक्षण कागदावरच्या निवडणुकीलाही मिळते. बोगस मंडळही तेवढ्याच जोरात म्हणते की आम्ही निवडून आलो, आता उतारा येईल तेव्हा येईल. शिक्षणाधिकारी, बँक आणि इतर खाती उताऱ्यावरचे जुने नावच धरून बसतात. एकाला कायदा मानतो, दुसऱ्याला कार्यालय मानते, आणि शाळेत दोघांचीही पत्रे येत राहतात.

खरी वाताहत वेळेने केली. सहायक धर्मादाय आयुक्तांचा निर्णय झाला की कलम ७० खाली वर अपील. त्यानंतर कलम ७२ खाली जिल्हा न्यायालय, तिथून उच्च न्यायालय. कार्यकारिणीची मुदत बहुधा तीन किंवा पाच वर्षांची. पहिल्याच पायरीवर ती मुदत संपून जाते, तोवर पुढची निवडणूक होते आणि तिचाही चेंज रिपोर्ट दाखल होतो. मागचा मंजूर नाही म्हणून पुढच्यावर निर्णय नाही, अशी चळत रचली जाते. ज्या मंडळाच्या वैधतेवर निकाल येतो, त्यातले निम्मे लोक कधी वयाने थकलेले, कधी हयातही नसलेले. मुदत संपलेल्या मंडळाला निवडणूक लावण्याचा अधिकार राहतो का, यावरही वेगळा खल होतो. त्यातून वाट काढायला कलम ४१-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे जाता येते. ते निवडणूक घेण्याचे निर्देश देतात, कधी कार्यालयातल्या निरीक्षकाला निवडणूक अधिकारी नेमतात. निरीक्षक येतो आणि पहिला प्रश्न विचारतो: मतदारयादी कोणती धरायची? म्हणजे पुन्हा कलम १५.

२०१७ च्या दुरुस्तीने या दिरंगाईला हात घातला. विश्वस्तांच्या नावांतला बदल १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता स्वीकारता येईल, हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस निघेल, कोणी हरकत घेतली नाही तर तोच आदेश कायम होईल, आणि हरकत आली तर तीन महिन्यांत चौकशी पुरी करायची. ज्या संस्थांत वाद नव्हता त्यांचा यामुळे खरोखर फायदा झाला. बिनविरोध बदल वर्षानुवर्षे पडून राहायचे, ते मार्गी लागू लागले. जिथे दोन गट आहेत तिथे मात्र हरकत येणारच, आणि साक्षी-पुराव्यांची प्रकरणे तीन महिन्यांत संपताना मी पाहिलेली नाहीत.

या काळात शाळेत काय चालते? १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा, ज्याला सगळे 'एमईपीएस' म्हणतात, तो शिक्षकांच्या सेवेला आधार देतो. शाळा समितीत मुख्याध्यापक आणि शिक्षकांचा प्रतिनिधीही बसतो. पण त्या समितीत व्यवस्थापनाची माणसे कोणती, हेच वादात असले की सगळा डोलारा हलतो. एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर एकाच टपालात दोन पत्रे आलेली मी पाहिली. एकात त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवले होते, दुसऱ्यात काम चालू ठेवण्याचा आदेश होता. दोन्हींवर संस्थेचे नाव, दोन्हींवर 'सचिव'. त्या मला म्हणाल्या, "साहेब, कोणाचं ऐकू ते सांगा, दहावीचे फॉर्म भरायचेत." मी त्यांना उताऱ्याची प्रत काढायला सांगितली. कायदेशीर उत्तर तेच होते, पण दहावीचे फॉर्म त्या उत्तराने भरले जाणार नव्हते.

एका गटाने नेमलेल्या शिक्षकाची वैयक्तिक मान्यता शिक्षणाधिकाऱ्याकडे अडकते. दुसरा गट सत्तेवर आला की त्याला काढतो, मग तो शाळा न्यायाधिकरणात अपील करतो, आणि तिथे पहिला मुद्दा निघतो की काढणारे व्यवस्थापन खरे होते का. शिक्षणाधिकाऱ्याला दोन गटांतला वाद निकाली काढण्याचा अधिकार नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे आणि ते योग्यच आहे. पण मग तो सहीच करत नाही. पाच-सहा वर्षे विनामान्यता, बिनपगारी शिकवलेले तरुण शिक्षक मला माहीत आहेत. त्यांच्या विषयाचा निकाल चांगला लागायचा.

संस्थेवर बाहेरून माणसे बसवून प्रश्न सोडवण्याचे प्रयत्नही झाले. गुजरात विद्यापीठ कायद्यातल्या कलम ३३-अ ने महाविद्यालयांच्या नियामक मंडळावर विद्यापीठाचे, शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी घ्यायला लावले होते. अहमदाबादच्या सेंट झेवियर्सच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते अल्पसंख्याक संस्थांना लागू होऊ दिले नाही. त्याआधी, हिंदी साहित्य संमेलनाच्या प्रकरणात, स्वेच्छेने जमलेल्या संस्थेवर कायद्याने नवे सभासद लादणे हे संघ स्थापण्याच्या मूलभूत हक्काच्या आड येते, असे त्याच न्यायालयाने ठरवले होते. या निकालांचा मला आदर आहे. सरकारच्या हाती शाळा देणे हा उपाय नव्हेच. पण संस्थेच्या स्वातंत्र्याचे रक्षण करताना त्या स्वातंत्र्यावर शाळेचा काही हक्क आहे का, हा प्रश्न मागे पडला.

तो पुढे आला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. महाराष्ट्रात १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने या समित्या सुरू झाल्या. अध्यक्ष पालकांतून, मुदत दोन वर्षांची. जिल्हा परिषद शाळांत पालकसभेत हात वर करून निवड होते. तिथेही कुरबुरी असतात: नोटीस सगळ्यांना मिळाली नाही, सरपंचांच्या घरचाच अध्यक्ष झाला, मूल शाळा सोडून गेले तरी बाप समितीवर कायम. तरीही हे वाद बहुधा गटशिक्षणाधिकाऱ्याच्या पातळीवर मिटतात, आणि भांडण करणाऱ्याचे मूल त्याच वर्गात बसलेले असते.

अनुदानित खासगी शाळांनाही हीच समिती मिळाली होती. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांबरोबर सर्व अनुदानित शाळांतल्या या समितीचे काम फक्त सल्ला देण्यापुरते केले. कार्यकारिणीचे कज्जे ज्या शाळांत सर्वांत जास्त, तिथेच पालकांचा आवाज सल्ल्यावर आला. विश्वस्त कायद्यात नोंदणीकृत सोसायटीच्या बाबतीत 'हितसंबंध असलेली व्यक्ती' म्हणून संस्थेचा सभासद सांगितला आहे. पालक आणि शिक्षक यांचा तिथे उल्लेख नाही. कलम २२ च्या चौकशीत ते येतात ते साक्षीदार म्हणून, तेही कोणत्या तरी गटाने बोलावले तर.

माझे मागणे मोठे नाही. संस्थेची सभासद नोंदवही तिच्याकडे असायलाच हवी. तिची प्रत दरवर्षी हिशेबपत्रकांबरोबर धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावी, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर मागच्या तारखेने नावे घुसवता येणार नाहीत. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चेंज रिपोर्टवर हरकत आली की शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आणि शिक्षक प्रतिनिधीला नोटीस जावी. संस्था कोणाची हे त्यांनी ठरवायचे नाही. वाद चालू असताना शाळेची कोणती कामे अडली आहेत ते सांगायचे, आणि चौकशी अधिकाऱ्याने त्या कामांपुरता अंतरिम आदेश द्यायचा: पगारबिलावर सही कोणाची, मान्यतेचा प्रस्ताव कोणी पाठवायचा, परीक्षेच्या कामाला कोण जबाबदार. दोन्ही गटांचे वकील यावर आक्षेप घेतील, मीही त्यांच्यातलाच एक आहे. पण असा अर्ज घेऊन एखादी पालक समिती उभी राहिली तर तिचे वकीलपत्र मी घेईन.