रेड गम आणि तुंबलेले पाणी

ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या पूरमैदानांवर शतकानुशतके उभ्या असलेल्या, निलगिरीच्याच गोतावळ्यातील रिव्हर रेड गम या वृक्षाविषयी चांगल्या जाणत्या मंडळींकडूनही जे विधान मला वारंवार ऐकावे लागते, ते असे की, नदीकाठचे झाड ते, त्याला पाणी जितके द्यावे तितके थोडेच. हे साफ चुकीचे आहे. आणि त्याच्या खंडनासाठी ग्रंथ उघडण्याचेही कारण नाही. यारावोंगा येथील बंधारा 1939 साली पुरा होऊन मुलवाला जलाशय भरला, तेव्हा त्यात सापडलेल्या रेड गमांचे साल गळालेले, करडे सांगाडे अजून त्या पाण्यात उभे आहेत. काही महिन्यांचा पूर हा वृक्ष सहज सोसतो. परंतु पाणी ओसरलेच नाही, तर मातीतील प्राणवायू संपून मुळे गुदमरतात. त्याला हवे असते ते पुराचे येणे आणि जाणेही: तिकडच्या हिवाळ्यात व वसंतात नदीने पात्र सोडावे, बार्मासारख्या अरण्यात पसरावे, जमीन खोलवर भिजवावी आणि माघारी फिरावे. त्या ओल्या गाळावरच त्याचे खसखशीएवढे बी रुजते.

हिवाळी पाणी अडवून उन्हाळ्यात शेतीला सोडण्याच्या पाटबंधाऱ्यांच्या शिरस्त्याने नेमका हाच क्रम उलटला, अरण्यात पसरणारे पूर विरळ झाले, आणि 1997 ते 2009 च्या प्रदीर्घ अवर्षणात असंख्य झाडे वाळली. तरीही अरण्यात शिरलेले पाणी फुकट गेले, असे बजावणारे भेटतातच! अहो, त्यातले काही नदीला परत मिळते आणि काही मुळांशी पुढल्या कोरड्या सालांची शिल्लक म्हणून जमा होते. मग ते फुकट गेले कसे?

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. ‘कामाल्ड्युलेन्सिस’ या शास्त्रीय नावामुळे वृक्ष इटलीचा ठरत नाही. डेनहार्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1832 साली नेपल्सजवळच्या बागेत लावलेल्या झाडावरून ते नाव दिले, एवढेच. या वृक्षाच्या फांद्या केवळ वादळातच कोसळतात, हेही खरे नव्हे. वारा पडलेल्या तप्त दुपारीही त्या सुटतात, तेव्हा खाली तंबू ठोकू नये. आणि काही जुन्या खोडांवर दिसणारा, होडीच्या आकाराचा लांबट व्रण रोगाचा नव्हे: तिथल्या मूळ रहिवासी योर्टा योर्टा लोकांनी तेथून होडीसाठी अखंड साल सोडवून घेतली, झाड जगले, आणि व्रणाच्या कडेने आत वळत आलेल्या नव्या सालीची जाड गोट हाताला स्पष्ट लागते.