सरकारचं काम कोणतं, आपलं काम कोणतं?

गटाच्या बैठकीला आम्ही गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, यंदा कोणती योजना आली?" विचारण्यात काही चूक नाही. साधी काडीपेटी घेतली तरी आपण कर भरतो, योजना त्याच पैशातून येते. पण त्याआधीचा एक प्रश्न राहून जातो. गावातलं कोणतं काम सरकारनं करायचं आणि कोणतं आपण?

आपलं साखरखेर्डा विदर्भाच्या एका टोकाला, तर दुसऱ्या टोकाला गडचिरोली जिल्हा. तिथल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची या कामाला मोठी साथ. तिथे बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं निर्णय होतो. एकाचंही मन वळलं नाही, तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. त्याला वेळ लागतो, पण ठरलेलं काम कुणी मोडत नाही.

2006 साली वनहक्क कायदा आला. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा, तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. गाव हटलं नाही. 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

यात आपल्यासाठी काय आहे? या गावानं सरकार नको असं म्हटलं नाही. कायदा सरकारनं करावा, हक्क लिहून द्यावा. जंगल राखणं आणि बांबूचा व्यवहार मात्र गाव बघेल, एवढीच मागणी. सरकारनं आपल्या मर्यादेत राहावं असं म्हणायचं, तर त्या मर्यादेबाहेरचं काम आपल्याला पेलता आलं पाहिजे.

ते पेलायला लागतं चारित्र्य. हा शब्द आपल्याकडे बाईच्याच पदराला बांधून ठेवला आहे. ती कुठे गेली, कुणाशी बोलली, एवढ्यावरच तिचं चारित्र्य मोजतात. आम्ही म्हणतो ते चारित्र्य वेगळं. दिलेला शब्द पाळणं, चारचौघांच्या पैशाचा हिशेब उघडा ठेवणं आणि आपल्या माणसाचं चुकलं तरी चुकलं म्हणणं. सरपंचाला, पुढाऱ्याला, नवऱ्याला आणि आपल्याला, सगळ्यांना हेच माप.

बचत गटात हे आपण रोज शिकतो. 1992 साली नाबार्डनं गट बँकांना जोडायला सुरुवात केली. ना शेत गहाण, ना दागिना, तरी बँक गटाला कर्ज देते ती कशाच्या भरवशावर? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, या पंचसूत्रीच्या. म्हणजे आपली वही हेच आपलं तारण. फक्त अनुदानासाठी जमलेला गट मात्र पैसे वाटून झाले की मोडतो.

एक सावधगिरी बाळगायची. "स्वावलंबी व्हा" असं सांगून कुणी आपली जबाबदारी झटकत असेल, तर मान डोलवायची नाही. दवाखान्यात डॉक्टर, शाळेत शिक्षक, रेशनचं पूर्ण धान्य, धड रस्ता हे उपकार नाहीत, हक्क आहेत. ते बचतीच्या पैशातून भागवायचे नाहीत. पण नालीत कचरा न टाकणं, अंगणवाडीच्या आहारावर लक्ष ठेवणं, अडल्या बाईला सावकाराच्या दारी जाऊ न देणं, यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट कशाला बघायची?

म्हणून येत्या बैठकीत वहीचं एक पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. एका बाजूला लिहा 'आपण करू', दुसऱ्या बाजूला 'मागून घेऊ'. पहिल्या बाजूच्या प्रत्येक कामापुढे एका बाईचं नाव आणि तारीख टाका. दुसरी बाजू महिला सभेत मांडा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे ग्रामपंचायत कायद्यातच आहे. तिथे ठराव लिहून घ्या, वाचून बघा, मगच सही करा.

लाभार्थ्यांच्या यादीत आपलं नाव जरूर असावं. पण गावाचा कारभार बघणाऱ्यांतही ते असलं पाहिजे.