फुटलेली पालवी आणि न फुटलेले मूळ

पेडणे महालात मिरगाचा पाऊस स्थिरावला आणि जांभ्याची तांबडी माती भिजली, की शेजाऱ्याच्या वईवरची जास्वंद, देवळाच्या आवारातली बोगनवेल, पाहुण्यांकडून आणलेला क्रोटन अशा नाना झाडांच्या फांद्या घरोघरी कुंड्यांत आणि परसात खोचल्या जातात. आणि श्रावणातल्या पहिल्या चार कोरड्या दिवसांत त्यांतल्या पुष्कळशा माना टाकतात, तेव्हा ऐकू येणारी कैफियत दरसाल एकच असते: ‘‘जगली होती हो! चांगली पानं फुटली होती. मग काय झालं कोण जाणे, एकाएकी गेली.’’ या कैफियतीतला ‘पाने फुटली होती’ एवढाच भाग सत्य आहे. ‘जगली होती’ हे असत्य आहे आणि ‘एकाएकी गेली’ हे तर त्याहून असत्य. कारण मातृवृक्षापासून तोडल्या क्षणापासून ती फांदी मरणपंथाला लागलेली होती, आणि त्या पंथावरून तिला परत फिरवू शकेल असे मूळ तिला कधी फुटलेच नव्हते.

पालवी फुटली म्हणजे फांदी रुजली, हा समज इतका सार्वत्रिक आहे, की त्याची शहानिशा करावी असे एरवी चौकस असणाऱ्या माणसांनाही वाटत नाही. वस्तुतः ती करण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. पावसाळ्याच्या तोंडी तोडून अंगणात आडवा टाकलेला शेवग्याचा किंवा पांगाऱ्याचा ओंडका ज्याने पाहिला आहे, त्याने मातीत रोवले नसतानाही त्याला फुटलेले कोंब पाहिलेलेच असतात. त्या ओंडक्याला ‘रुजला’ असे कोणी म्हणत नाही. मग कुंडीतल्या फांदीलाच तो मान का द्यावा?

कारण असे, की डोळ्यातील पालवी ही नवी निर्मिती नसते. पुढच्या पानांची बारीक घडी फांदी झाडावर असतानाच डोळ्यात तयार झालेली असते, आणि ती उलगडण्यास लागणारे पिष्ट खोडाच्या लाकडात साठवलेले असते. ऊब आणि ओलावा मिळाला की घडी उलगडते. खाली मूळ आहे की नाही, याची चौकशी डोळा करीत बसत नाही. हा सगळा शिलकेवर चाललेला कारभार होय: वसूल बंद, खर्च मात्र चालू, आणि कचेरी बाहेरून रंगवलेली. नवी पाने पाण्याची वाफ हवेत सोडू लागतात, म्हणजे खर्च वाढतच जातो. आषाढात गोव्याची हवा इतकी दमट असते, की वाफेवाटे जाणारे पाणी अत्यल्प असते आणि कापलेल्या बुडातून वर चढणारे थोडेसे पाणी तेवढ्यापुरते पुरते. पाऊस उघडून लखलखीत ऊन पडले, की तो हिशेब एका दिवसात चुकतो. फांदी त्या दिवशी मेलेली दिसते. ती कधीच जगलेली नव्हती, हे त्या दिवशी उघडकीस येते इतकेच.

मुळाची गोष्ट निराळी आहे. बहुतेक झाडांच्या खोडात मूळ आधीपासून तयार नसते. वर्धनशील थराजवळच्या काही पेशींना आपले नेमलेले काम सोडून पुन्हा विभाजनाला लागावे लागते, त्यांतून मुळाचा अंकुर घडावा लागतो, तो खोडाच्या जलवाहिन्यांशी जोडला जावा लागतो आणि मग साल भेदून बाहेर यावा लागतो. जास्वंदीला यासाठी महिना-दीड महिना, बोगनवेलीला कित्येकदा दोन-तीन महिने लागतात. पालवी मात्र दहा-पंधरा दिवसांत हजर होते. या दोन मुदतींमधल्या अंतरात बहुसंख्य फांद्या मरतात, आणि मधल्या काळात घरधनी आनंदाने फांदीला सावलीतून काढून उन्हात ठेवतो किंवा मोठ्या कुंडीत हलवतो. म्हणजे जी जगण्याचा थोडाबहुत संभव होता, तीही जाते.

पालवी आणि मूळ यांच्यात एक प्रकारचा विरोधही आहे, हे सांगितले म्हणजे काहींना ते ओढूनताणून वाटते. म्हणून दाखला देतो. युट्रेख्टच्या फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांवर प्रयोग करून शेंड्याकडून खाली उतरणारे वाढीचे द्रव्य १९२८ साली निर्विवाद सिद्ध केले; त्यालाच आपण ऑक्सिन म्हणतो, आणि फांदीच्या बुडाशी मूळ फुटण्यास ते आवश्यक असते. १९३५ साली अमेरिकेतील बॉईस थॉम्सन संस्थेत झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्लाचा मुळे फुटण्यावरील प्रभाव दाखवला. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या मुळांच्या पुडीत बहुधा हेच असते. पुढे १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर दाखवून दिले, की ऑक्सिन अधिक आणि सायटोकायनिन हे वाढीचे दुसरे द्रव्य कमी असेल तर मुळे फुटतात, आणि प्रमाण उलटे झाले तर कोंब. आता आमच्याकडचे घरगुती शास्त्र पाहा. नारळ मुबलक, तेव्हा फांदी रात्रभर शहाळ्याच्या पाण्यात बुडवावी असा सल्ला हमखास मिळतो. शहाळ्याच्या पाण्यात थोडे ऑक्सिनही असते, हे मान्य. परंतु ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत त्याची जी ख्याती आहे, ती प्रामुख्याने त्यातील सायटोकायनिनमुळे. म्हणजे ज्या द्रव्याने कोंबाला उत्तेजन मिळते, त्यात फांदी भिजवायची, कोंब लवकर आला म्हणून संतोष मानायचा आणि मूळ आले नाही म्हणून दैवाला दोष द्यायचा! शिवाय त्यातील साखरेमुळे बुडाशी बुरशीची सोय होते, ती वेगळीच.

पालवी म्हणजेच रुजणे हा समज केवळ फांदीपुरता राहिला असता, तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु जगलेली फांदी अकारण मरत नसते, हे गृहीत धरले की मग गुन्हेगार शोधणे ओघाने येते, आणि तो घरातच सापडतो. कोणाची दृष्ट लागलेली असते, कोणाच्या हाताला यश नसते. आणि सर्वांत संतापजनक म्हणजे घरातल्या एखाद्या सुनेची विटाळात सावली पडलेली असते. या शेवटच्या आरोपाला विज्ञानाचा आधार आहे असे सांगणारेही भेटतात, म्हणून त्याचा उगम सांगणे भाग आहे. घटसर्पाच्या चाचणीमुळे कीर्ती पावलेले व्हिएन्नाचे वैद्य बेला शिक यांनी १९२० साली, रजस्वला स्त्रीने हाताळलेली फुले कोमेजतात, असे निरीक्षण प्रसिद्ध करून ‘रजोविषा’ची कल्पना मांडली. मोठ्या माणसाचे नाव पाठीशी असल्याने ती कल्पना काही दशके रेंगाळली. परंतु तिला भक्कम पुरावा कधीच मिळाला नाही, आणि वैद्यकाने ती केव्हाच टाकून दिली. सावलीने फांदीला काही होत असेल तर लाभच होतो, कारण कोवळ्या फांदीला सावलीच हवी असते.

हाताच्या यशाविषयी एवढेच. ज्यांच्या हाताला यश आहे असे आपण म्हणतो, त्या बायांचे काम जवळून पाहावे. फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी त्या निवडतात, डोळ्याच्या लगेच खाली कापतात, खालची पाने काढून वर दोन-तीनच ठेवतात, रेताड मातीत खोचतात, आणि मग तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. यश यांतल्या प्रत्येक कृतीत आहे, विशेषतः शेवटच्या.

मूळ फुटले हे ओळखावे कसे? उपटून नव्हे. दर चार दिवसांनी फांदी हलवून पाहणारे गृहस्थ नव्या मुळांची टोके स्वतःच तोडतात. पहिली पालवी पूर्ण उलगडल्यानंतर वाढ काही काळ थबकते. त्यानंतर शेंडा पुन्हा चालू लागला, नवी पेरे लांबली आणि दुसऱ्या खेपेची पाने पहिल्याइतकी किंवा त्यांहून मोठी आली, तर मूळ धरले असे समजण्यास हरकत नाही. कुंडीच्या भोकातून पांढरे टोक डोकावले तर संशयच नको. अधीर माणसांनी पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात फांदी लावावी आणि एरवी तो कागदाने झाकून ठेवावा.

आणखी एक भ्रम आमच्या भागात विशेष आहे. पांगाऱ्याच्या आणि गिरिपुष्पाच्या मेढी ठोकून वया करण्याची आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सवय. मेढ ठोकली की ती रुजतेच, म्हणून कोणतीही फांदी रुजलीच पाहिजे असे वाटू लागते. प्रत्येक कुळाचा स्वभाव वेगळा आहे. आंब्याच्या आणि काजूच्या फांद्या घरगुती उपायांनी जवळजवळ रुजत नाहीत, म्हणून तर त्यांची कलमे बांधतात. तेरेखोल नदीपलीकडे वेंगुर्ल्याला १९५७ पासून चालू असलेल्या फळ संशोधन केंद्रातून काजूच्या ज्या जाती निघाल्या, त्या बागायतदारांच्या घरी कलमरूपानेच पोहोचल्या. नीरफणसाची फांदी लावून लोक वर्षे घालवतात, आणि त्याच झाडाच्या मुळाला जखम झाली की तेथून आपोआप धुमारा येतो, हे त्यांच्या पायाखाली असते. कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून वेस्ट इंडीजला १७९३ साली नीरफणसाची जी रोपे पोहोचवली, ती अशा धुमाऱ्यांचीच. कढीपत्त्यालाही फांदीपेक्षा बी किंवा मुळावरचा फुटवा बरा. कुळागरातल्या मिरवेलीचा प्रकार तर मौजेचा आहे: बुडाशी जमिनीवर पसरणाऱ्या वेलाचे तुकडे लावले तर पोफळीवर चढणारी वेल मिळते, आणि फळे धरणाऱ्या आडव्या फांदीचे लावले तर जन्मभर न चढणारे झुडूप. फांदी रुजली तरी वेल चढत नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्याने कोणती फांदी लावली, हे आधी आठवावे.

बाकीचे समज थोडक्यात. मध लावल्याने मूळ फुटत नाही. बुरशीला किंचित आळा बसतो एवढेच, आणि दालचिनीचे व हळदीचेही तेच. ताजे शेण बुडाला लावणे म्हणजे उघड्या जखमेला जंतूंचे आमंत्रण. अमावास्या-पौर्णिमेचा संबंध नाही. मिरगाचा आहे, पण तो नक्षत्राचा नसून दमट हवेचा. पाण्याच्या बाटलीत तुळशीला व मनीप्लांटला मुळे येतात, हे खरे; परंतु ती हातभर लांब होईपर्यंत थांबल्यास मातीत गेल्यावर तग धरीत नाहीत, बोटाच्या एका पेराएवढी झाली की हलवावीत. चाफ्याची फांदी चीक गळत असताना न लावता आठवडाभर सावलीत सुकवून लावावी. फांदीवर बाटली पालथी घालणे उपयोगी आहे, मात्र उन्हात ठेवल्यास आत फांदी उकडते. आणि बुडाशी सुजल्यासारखी पांढरट गाठ आली म्हणजे मूळ आले, असेही नाही. ती जखमेवरची पेशींची वाढ असते, मूळ कधी तिच्या आगेमागे येते, कधी येतच नाही.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की यंदा जी फांदी जाईल ती चडफडत उकिरड्यावर न टाकता आधी तिचे बूड पाहावे. ते काळे, मऊ आणि दुर्गंधी असेल तर मातीत पाणी साचून हवा संपली होती. आमची तांबडी चिकण माती एकटी वापरल्यास हे होणारच, तिच्यात निम्मी जाड रेती किंवा धुतलेला काथ्याचा भुसा घालावा. बूड कोरडे आणि साल सुरकुतलेली असेल तर पाने जास्त ठेवली गेली किंवा ऊन फार लागले. बूड हिरवे, टणक, गाठ धरलेले, पण बिनमुळाचे असेल, तर फांदीला मुदत कमी पडली. ती अजून मेलेली नाही, सुकलेली पाने खुडून तिला पुन्हा सावलीत लावावी.