तोफेचा मार स्वतःच्याच पत्र्याला

सोव्हिएत बनावटीच्या ‘मी-२४’ या लढाऊ हेलिकॉप्टरच्या नाकाखाली आधी चार नळ्यांची १२.७ मिमी मशिनगन होती, फिरत्या टरेटमध्ये बसवलेली. १९८१ पासून बनू लागलेल्या ‘मी-२४पी’मध्ये तिच्या जागी ३० मिमीची दुनळी तोफ आली. तिचा धक्का त्या टरेटला पेलणारा नव्हता, म्हणून ती थेट उजव्या कुशीला जखडली. आता नेम धरायचा तर अख्खे हेलिकॉप्टरच वळवायचे!

धक्क्याचा प्रश्न मिटला, पण हवेचा उरला. गोळा बाहेर पडताच नळीत कोंडलेला तापलेला वायू फुटून निघतो आणि त्याची दाबलहर ध्वनीपेक्षा वेगाने पसरते. मोकळ्या आकाशात ती लवकर विरते. शेजारी हेलिकॉप्टरची बाजू असेल, तर मात्र तिथे आदळून ती परतते आणि आदळल्या जागी दाब दुपटीवर जातो. तो सोसायचा कोणी, तर ॲल्युमिनियमच्या जेमतेम मिलिमीटरभर पत्र्याने.

एका गोळ्याने फारसे बिघडत नाही. पण ही तोफ मिनिटाला दोन हजारांहून अधिक गोळे सोडू शकते. म्हणजे सेकंदाला तीसेक थपडा. पत्रा थरथरत राहतो, धातू थकतो आणि रिवेटच्या भोकाच्या कडेला बारीक चीर धरते. आतल्या उपकरणांचेही हाल होतात.

उपाय सरळ होता. ‘सुखोई-२५’ विमानातल्या याच तोफेच्या नळ्या दीड मीटरच्या; इथे त्या २.४ मीटर केल्या. तोंडे कॉकपिटच्या पुढे गेली, टोकांना नरसाळी बसली. शिवाय तोफेमागची बाजू वेगळी मजबूत करावी लागली. वजन वाढले, पण त्याला इलाज नव्हता.

हादऱ्यांचा त्रास विमानांनाही चुकलेला नाही. नाशिकजवळ ओझरला बनलेल्या ‘मिग-२७’ची सहा नळ्यांची तोफ धडाडली की लँडिंग लाइट फुटत, असे किस्से सांगितले जातात. व्हिएतनाममध्ये १९६७ साली याहून भयंकर घडले. एका सशस्त्र चिनूक हेलिकॉप्टरच्या तोफेची खीळ निसटली, तोफ वर उचलली गेली आणि तिने आपल्याच हेलिकॉप्टरची पाती छाटली.

रॉकेटला नळीचा धक्का जवळपास नसतोच. त्याचा उपद्रव वेगळा. मागे सुटणारा उष्ण झोत इंजिनाने गिळला, की कॉम्प्रेसरमधला प्रवाह विस्कटतो आणि इंजिनाची ताकद ऐन हल्ल्यात, जमिनीलगत असतानाच घसरू शकते.