'पेक्षा'ला एक दिवस सुट्टी!



आमच्या छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबरा पाहायला आलेले पाहुणे एक वाक्य हमखास म्हणतात, "छान आहे हो, पण ताजमहालापेक्षा लहानच!" शहराचं नाव औरंगाबाद होतं, तेव्हापासून ही देखणी इमारत हेच ऐकत आली आहे.

खरं सांगा, असं वाक्य तुमच्याही वाट्याला येतं ना? "पास झालास, पण ताईपेक्षा दहा टक्के कमी!" "ही तिच्या बहिणीपेक्षा सावळी." ऐकून ऐकून मग आपणही तेच म्हणू लागतो. मी बुटका, माझं गणित कच्चं, मला काही येत नाही. दुसऱ्या कुणाला आपण आवडलो नाही, तर वाईट वाटतं. पण आपणच स्वतःला नावडते झालो, तर आनंद राहणार कुठे?

म्हणून आज मकबऱ्याकडे जरा नीट बघू या.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली. तिची ही कबर. मुख्य दरवाजावर ती बांधणाऱ्या अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं कोरलेली आहेत. हा अताउल्ला कोण, ठाऊक आहे? ताजमहालाचे मुख्य स्थापत्यकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा! वडिलांनी ताज उभा केलेला, आणि मुलाच्या वाट्याला पैसा थोडा. मकबऱ्याला साधारण ६ लाख ६८ हजार रुपये खर्च आल्याची नोंद आहे. ताजच्या मानाने ही रक्कम फारच लहान. म्हणून संगमरवर घुमटाला आणि काही मोजक्याच भागांना लागला. बाकी दगडी बांधकामावर चुन्याचा गिलावा.

पण त्या गिलाव्यावर काय नाजूक वेलबुट्टी काढली आहे! आत गेलात की कबर खाली दिसते. वर उभं राहून, संगमरवरी जाळीच्या आत वाकून बघायचं. कबरीवर दगडी चौथराही नाही, साधी मातीच. मागे आमचे डोंगर. हे सारं मकबऱ्याचं स्वतःचं आहे. 'पेक्षा'चा चष्मा लावून आलेल्याला मात्र ते दिसतच नाही.

आमच्याकडच्या हिमरू शालीचंही असंच. सोन्याचांदीच्या जरीचं किनखाब महाग, म्हणून विणकरांनी सूत आणि रेशीम घेऊन तसंच कापड विणलं. हिमरू या नावाचा अर्थच 'सारखं दिसणारं' असा सांगतात. पण ते इतकं मऊ, सुबक झालं, की लोक हिमरू म्हणूनच ते मागू लागले.

मात्र स्वतःवर प्रेम करणं म्हणजे फुशारकी मारणं नव्हे हं! मकबऱ्याचा गिलावा ऊनपावसाने खराब होतो, तेव्हा पुरातत्त्व खात्याची माणसं त्याची डागडुजी करतात. आवडत्या वस्तूची आपण काळजी घेतो, ती फेकून देत नाही. गणित कच्चं असेल तर रोज चार गणितं सोडवा. पण "मी ढच आहे" असं म्हणू नका. मैत्रीण चुकली तर तिला जितक्या मायेने समजावता, तितक्याच मायेने स्वतःशी बोला.

आता एक गंमत करा. येत्या रविवारी दिवसभर 'पेक्षा' हा शब्द वापरायचाच नाही. रात्री वहीत तीन वाक्यं लिहा, "मला हे जमतं." छोटी गोष्टही चालेल. धाकट्या भावाला हसवणं, चहा करणं, झाडाला आठवणीने पाणी घालणं.

आणि आईबाबा, या खेळात तुम्हीही हवेत बरं का! मुलाचं प्रगतिपुस्तक हातात आलं की आधी त्याचं मागचं पान बघा, शेजारच्या मुलाचं नको. मागच्या वेळी किती होते, आता किती झाले, एवढंच विचारा.

मग कळवाल ना, रविवारी 'पेक्षा' किती वेळा ओठांवर येऊन परत गेला ते?